‘निषेध आहे, पण...’ : शार्ली एब्दोनंतरची दहा वर्षं



 विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला फोनवर, आणि आत्ता खाली चहा घेतानासुद्धा, एकच प्रश्न विचारला गेला. ती चित्रं दाखवणार का? मागे पडदा लावलेला आहे, प्रोजेक्टरही आहे. तरी चित्रं दाखवणार नाही. का नाही, ते शेवटी सांगू. लपवायचं काही नाही, पण आधीच सांगितलं तर सगळा वेळ त्या एका गोष्टीवरच जाईल.

आणि ‘आम्ही’ म्हणतोय ते आदरार्थी नाही, बरं का. (हशा) आमचा सहा-सात जणांचा अभ्यासगट आहे. दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी घरी बसतो, वाचतो, भांडतो. आज बोलणारा एक आहे, टिपणं सगळ्यांची आहेत. जिथे आमच्यात एकमत झालं नाही, तिथे तसं सांगणार आहोत.

समीक्षा कवितेची होते, नाटकाची होते. एखाद्या घटनेवर लोक जे बोलतात त्याचीही समीक्षा करता येते, किंबहुना करायला हवी, असं आम्हांला वाटतं. लोक काय बोलले, कुठल्या शब्दात बोलले, कुठे थांबले. आजचा विषय तो आहे.

आधी घटना. ७ जानेवारी २०१५, बुधवार. पॅरिसच्या अकराव्या विभागात ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकाची नव्या वर्षातली पहिली संपादकीय बैठक चालू होती. साडेअकराच्या सुमारास दोन बंदूकधारी भाऊ आले. कोको या नावाने चित्रं काढणाऱ्या चित्रकर्तीला त्यांनी दारातच गाठलं आणि बंदुकीच्या धाकावर दाराचा सांकेतिक क्रमांक दाबायला लावला. आत जाऊन त्यांनी नावं घेऊन गोळ्या घातल्या. एकूण १२ माणसं मारली गेली. संपादक शार्ब. ८० वर्षांचे वोलिन्स्की. काब्यू, ज्यांना फ्रान्सची एक पिढी लहानपणी दूरदर्शनवर मुलांच्या कार्यक्रमात चित्रं काढताना बघत मोठी झाली. तिन्यूस, ओनोरे. अर्थतज्ज्ञ बर्नार मारिस, मनोविश्लेषक एल्सा काया. एक पाहुणा, इमारतीच्या देखभालीला आलेला एक कामगार, शार्बचा अंगरक्षक. आणि मुस्तफा उराद.

या शेवटच्या नावावर जरा थांबू या. मुस्तफा उराद हे अल्जीरियात जन्मलेले गृहस्थ शार्लीचे मुद्रितशोधक होते. ज्या माणसाचं काम दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढणं, तो. आपल्याकडेही मासिकाच्या श्रेयनामावलीत मुद्रितशोधकाचं नाव सगळ्यात खाली, बारीक टाइपात असतं. बाहेर रस्त्यावर अहमद मेराबे हा पोलीस जखमी होऊन पडला होता, त्यालाही जवळ जाऊन गोळी घातली. तो मुसलमान होता. पुढच्या दोन दिवसांत एक पोलीस महिला आणि ज्यूंच्या एका किराणा सुपरमार्केटमधली चार माणसं दुसऱ्या एका साथीदाराने मारली. तीन दिवसांचा आकडा १७.

आता प्रतिक्रिया.

हल्ल्यानंतर साधारण तासाभरात जोआकिम रोंसँ नावाच्या एका नियतकालिकाच्या कलादिग्दर्शकाने काळ्या पार्श्वभूमीवर तीन शब्द लिहून ट्विटरवर टाकले. ‘झ स्वी शार्ली’. मी शार्ली आहे. संध्याकाळपर्यंत ते जगभर गेलं. दुसऱ्या दिवशी नोत्र दामची घंटा वाजली. ज्या साप्ताहिकाने हयातभर पोपची टर उडवली त्याच्यासाठी चर्चची घंटा! ११ जानेवारीला पॅरिसमध्ये १५ लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर आले, सगळ्या फ्रान्समध्ये मिळून सुमारे ४० लाख. शार्लीच्या एरवी साठ हजार प्रती छापल्या जात आणि त्यातल्या निम्म्याच खपत. साप्ताहिक तोट्यात होतं, वर्गण्या मागत होतं. १४ जानेवारीचा, वाचलेल्यांनी काढलेला अंक पुनःपुन्हा छापावा लागला आणि खप ८० लाखांच्या घरात गेला.

हे सगळं आम्हांला तेव्हा फार हृद्य वाटलं होतं. आम्हीसुद्धा त्या आठवड्यात डेक्कनला फलक घेऊन उभे होतो. मराठी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत लिहिले होते. फ्रेंचमध्ये एक चूक होती, ती एका मुलीने थांबून दुरुस्त करून दिली. पण नंतर एक गोष्ट खुपायला लागली. आमच्यातल्या एकानेही ७ जानेवारीच्या आधी शार्लीचा एकही अंक पाहिलेला नव्हता. आम्ही कोण आहोत म्हणून सांगत होतो, ते आम्हांलाच माहीत नव्हतं.

विलेम हा शार्लीचा ज्येष्ठ डच चित्रकार. बैठकांना जाण्याचा कंटाळा असल्यामुळे वाचला. त्याने त्याच दिवसांत स्पष्ट सांगितलं की अचानक उगवलेल्या या मित्रांची आपल्याला ओकारी येते. लोकांना ते कृतघ्नपणाचं वाटलं. आम्हांला आज वाटतं, की शार्लीशी प्रामाणिक असलेली ती पहिली प्रतिक्रिया.

कारण त्या मोर्चाचं जे छायाचित्र जगभर छापलं गेलं ते आठवा. चाळीसहून जास्त देशांचे नेते हातात हात घालून चालताहेत. मागे लाखो लोक आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात पुढाऱ्यांचा तो घोळका सुरक्षेसाठी रिकाम्या ठेवलेल्या रस्त्यावर वेगळा उभा होता; वरून काढलेल्या छायाचित्रांत त्यांच्यामागचा मोकळा डांबरी रस्ता दिसतो. इस्राएलमधल्या एका कर्मठ वृत्तपत्राने तर त्या छायाचित्रातून अँगेला मर्केल आणि इतर स्त्रिया पुसूनच टाकल्या. शार्लीला याहून चांगलं मुखपृष्ठ सुचलं नसतं. सौदी अरेबियाचा प्रतिनिधी मोर्चात होता. दोनच दिवस आधी, ९ जानेवारीला, जेद्दामध्ये राइफ बदावी या ब्लॉग लिहिणाऱ्याला भरचौकात पन्नास फटके मारले गेले होते. तुर्कस्तानचे पंतप्रधान होते. तीन दिवसांनी इस्तंबूलमध्ये ‘जुम्हुरियत’ या दैनिकाने शार्लीच्या अंकातली काही पानं छापली तेव्हा पोलिसांनी त्याच्या गाड्या अडवून तपासल्या, आणि पुढे त्या दैनिकाच्या दोन स्तंभलेखकांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली.

यजमान फ्रान्सनेही काही वेगळं केलं नाही. दहशतवादाचं समर्थन केल्याच्या आरोपाखाली आठवडाभरात पन्नासच्या वर प्रकरणं उभी राहिली. दियदोने या विनोदवीराला फेसबुकवरच्या एका वाक्यासाठी अटक झाली. वाक्य किळसवाणं होतं, यात वाद नाही. पण नीस शहरात आठ वर्षांच्या एका मुलाला, शाळेत काहीतरी बोलला म्हणून, बापासह पोलीस ठाण्यात नेऊन विचारपूस केली. आठ वर्षांच्या! ‘मी शार्ली’ म्हणणं हे हळूहळू निष्ठेचं प्रमाणपत्र झालं. ज्याला ते म्हणायचं नव्हतं त्याच्याकडे वर्गात, कचेरीत संशयाने बघितलं जाऊ लागलं. आता ज्या पत्राचा जन्मच राज्यकर्त्यांची थट्टा केल्याने बंदी आली म्हणून झाला (१९७० साली द गॉलच्या मृत्यूवर विनोद केला म्हणून ‘हाराकिरी’चं साप्ताहिक बंद पाडलं गेलं, आणि तीच मंडळी आठवडाभरात शार्ली एब्दो या नव्या नावाने उभी राहिली), त्याच्या नावाने निष्ठेची शपथ? हे म्हणजे तमाशातल्या सोंगाड्याच्या नावाने शिस्तपालन समिती काढण्यासारखं झालं.

ही झाली एक बाजू, मालकी सांगणाऱ्यांची. दुसरी बाजू तुमच्या-आमच्या जास्त ओळखीची आहे.

‘निषेध आहे, पण...’

हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत त्या आठवड्यात बोललं गेलं. निषेध आहे, पण भावना दुखावू नयेत. निषेध आहे, पण आगीशी कशाला खेळायचं. निषेध आहे, पण स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. मराठीत ‘पण’ या शब्दाची एक खोड आहे, तुम्ही घरात वापरून बघा. ‘भाजी छान झाली, पण...’ म्हटल्यावर पहिला भाग कुणीही ऐकत नाही. स्वयंपाक करणारी व्यक्ती तर नाहीच नाही. वाक्याचं सगळं वजन ‘पण’च्या पुढे जातं. बारा प्रेतं ‘पण’च्या अलीकडे राहतात, आणि पलीकडे उरतो तो मेलेल्यांचा दोष.

थांबा, याचा अर्थ शार्लीवर टीका करू नये असा आम्ही काढत नाही. उलट, टीकेचं काम आम्ही करतो, म्हणून तर हे बोलतोय. २०१५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘पेन’ या लेखकांच्या संघटनेने शार्लीला धैर्याचा पुरस्कार द्यायचं ठरवलं, तेव्हा मायकेल ओंडाट्जी, पीटर कॅरी, टेजू कोल अशा सहा लेखकांनी समारंभातून अंग काढून घेतलं. पुढे दोनशेहून जास्त लेखकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. त्यांचा मुद्दा असा, की फ्रान्समधले मुसलमान हे बहुतांशी जुन्या वसाहतींतून आलेले, गरीब वस्त्यांत राहणारे लोक. सत्ताधाऱ्यांची थट्टा आणि त्यांची थट्टा एका मापाने मोजता येत नाही. सलमान रश्दींनी या लेखकांना खरमरीत उत्तर दिलं.

आमच्या गटात या प्रश्नावर उभी फूट पडली. मुद्दा तर बिनतोड आहे. दलित साहित्य वाचलेल्या माणसाला विनोद वरून खाली येतो की खालून वर जातो, हे शिकवावं लागत नाही. मग आमच्यातली जिला फ्रेंच येतं, ती म्हणाली, भांडण नंतर करू, आधी अंक वाचू या. तिने जुने अंक मिळवले आणि चार-पाच महिने आम्ही दर बैठकीला दहा-बारा मुखपृष्ठं बघितली.

जे दिसलं ते असं. सर्वांत जास्त चित्रं फ्रेंच पुढाऱ्यांवर. सार्कोझी, ओलांद, ल पेन बापलेक. दोन समाजशास्त्रज्ञांनी ‘ल मोंद’मध्ये २००५ ते २०१५ या काळातल्या ५२३ मुखपृष्ठांची मोजदाद दिली आहे, त्यांतली ३८ धर्मावर होती, आणि त्यातही प्रामुख्याने इस्लामवरची फक्त ७. ख्रिस्ती धर्मावरची त्याच्या तिप्पट. जगाच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं आहे, की हे पत्र दर आठवड्याला एकाच धर्मावर चित्र काढायचं.

हे आकडे ऐकून आमच्यातले शार्लीचे कैवारी खूश झाले. पण आकड्यांनी सगळं भागत नाही. एक उदाहरण सांगतो. २०१३मध्ये क्रिस्तियान तोबिरा या कृष्णवर्णीय न्यायमंत्र्यांची तुलना अतिउजव्या ‘नॅशनल फ्रंट’च्या एका उमेदवाराने माकडाशी केली. शार्बने तोबिरांना माकडाच्या रूपात काढलं, शेजारी त्या पक्षाची ज्योतीची खूण काढली आणि पक्षाच्या घोषणेत एक शब्द बदलून त्यात ‘वर्णद्वेषी’ असा शब्द घातला. म्हणजे चित्र पक्षावर आहे. हत्याकांडानंतर हेच चित्र, शब्द कापून, जगभर फिरलं, ‘बघा हे कसे वर्णद्वेषी’ म्हणून. आणि १५ जानेवारीला तिन्यूसच्या अंत्यविधीत शोकभाषण कुणी केलं? तोबिरांनी.

ही गोष्ट इथे संपवली तर टाळी मिळते. आम्हांला मात्र हे चित्र आजही फसलेलं वाटतं. ओळी काढल्या की चित्राचा अर्थ उलटा होतो, आणि ओळी सहज गळून पडतात. शिवी देणाऱ्याची शिवी त्याच्यावर उलटवायची असेल तर ती आधी पुन्हा उच्चारावी लागते, आणि लक्षात राहतो तो उच्चार. चित्रकाराचा हेतू स्वच्छ आणि चित्र चुकलेलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अशी टीका शार्ब जिवंत असताना व्हायला हवी होती, त्याच्या तोंडावर. फ्रान्समध्ये ती होतही होती, कडाक्याची होत होती. आपण ती पहिल्यांदा केली ती त्याच्या प्रेताशेजारी उभं राहून, आणि तेही चित्र न वाचता. दहा वर्षांनंतर आमचा ‘पण’वरचा आक्षेप एवढाच आहे. चित्रावरची टीका हे एक पूर्ण वाक्य आहे. त्याच्या आधी खुनाचा निषेध जोडायची गरज नाही, आणि खुनाच्या निषेधाला चित्राच्या टीकेचं शेपूटही नको. दोन वेगळी वाक्यं आहेत. मध्ये पूर्णविराम द्या.

आता आपल्याकडचं थोडं.

२६ जानेवारी २०१५ला पुण्यात आर. के. लक्ष्मण गेले. शार्लीनंतर १९ दिवसांनी. त्या आठवड्यातले मराठी मृत्युलेख आम्ही काढून वाचले. सूर असा, की बघा, व्यंगचित्र कसं असावं. कुणालाही न दुखावणारं, निर्विष. शार्लीचं नाव न घेता शार्लीला दिलेला टोला. हा लक्ष्मण यांच्यावरही अन्याय आहे, त्यांची रेघ काही इतकी गरीब नव्हती. पण ‘निर्विष’ हा शब्द बघा. आपल्या विनोदसमीक्षेतलं हे सर्वोच्च प्रशस्तिपत्रक आहे. निर्विष, नर्म, खुसखुशीत. शार्लीचे पूर्वज ‘हाराकिरी’वाले स्वतःला अभिमानाने ‘मूर्ख आणि दुष्ट’ म्हणवून घेत. त्या जातीच्या विनोदासाठी आपल्याकडे समीक्षेचा शब्द नाही, पण अनुभव नाही असं कसं म्हणावं? शिमग्याला कोकणात जे काय बोललं जातं ते निर्विष असतं? गणगौळणीतली मावशी प्रत्यक्ष कृष्णाला काय काय सुनावते! देवाची टर उडवणं आपल्याला ठाऊक आहे. फक्त आपण त्याला दिवस नेमून दिला, जागा नेमून दिली. बोंब मारायची ती होळीभोवती, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे सोवळे. शार्लीने शिमगा दर बुधवारी ठरवला. कुणाला तो सोसवत नसेल, तर ते समजण्यासारखं आहे. आमच्यातल्या दोघांना अजूनही सोसवत नाही आणि ते तसं सांगतात.

मुंबईत मात्र एका बाईने त्या दिवसांत जे सोसलं, त्याची गोष्ट या सगळ्या चर्चेत राहून जाते. शिरीन दळवी. ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक. उर्दू दैनिकाची स्त्री-संपादक ही तशीही दुर्मीळ गोष्ट. जानेवारीच्या मध्याला त्यांच्या अंकात शार्लीसंबंधीच्या बातमीसोबत शार्लीचं एक मुखपृष्ठ छापलं गेलं. ओरड झाली. दळवींनी लगेच अंकात माफी मागितली. तरी मुंब्रा, ठाणे, मुंबई, मालेगाव अशा ठिकठिकाणी तक्रारी दाखल झाल्या, महिनाअखेरीस अटक आणि जामीन झाला. मुंबई आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. एरवी बुरखा न घालणाऱ्या दळवींना ओळख लपवण्यासाठी तो घालून फिरावं लागलं, मुलांपासून आणि घरापासून लांब राहावं लागलं. काही पत्रकार आणि काही मुस्लिम सुधारणावादी कार्यकर्ते त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे नोंदवायला हवं.

आम्ही? आमच्याकडे तेव्हा फलक होते. ‘मी शार्ली’ लिहिलेले, नीट गुंडाळून ठेवलेले. दळवींची बातमी आली त्या आठवड्यात आमची बैठक होती. कुणीतरी म्हणालं, ‘त्यांनी तरी कशाला छापायचं?’ आणि कुणीही त्यावर काही बोललं नाही. पॅरिसपासून हजारो किलोमीटरवर ‘मी शार्ली’ म्हणायला काही पडत नव्हतं. मुंब्रा पुण्याहून तीन तासांवर आहे. ‘मी शिरीन’ असा एकही फलक आम्ही लिहिला नाही. ‘पण’ची इतकी चिरफाड केली, तो शब्द आमच्या तोंडी ‘तरी’ होऊन आला होता. एवढाच फरक.

त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. पानसरे व्यंगकार नव्हते, त्यांची आणि शार्लीची तुलना आम्हांला करायची नाही. पण घोषणेपुरतं बोलतो. ‘आम्ही सारे पानसरे’. त्याआधी २०१३मध्ये ‘आम्ही सारे दाभोलकर’. म्हणजे पॅरिसच्या आधी दीड वर्ष ही घोषणा आपल्याकडे होती, आणि ती एकवचनी नव्हती. ‘मी’ नाही, ‘आम्ही सारे’. ‘मी शार्ली’त एकेकटा माणूस आपल्या छायाचित्राखाली फलक लावतो; ‘आम्ही सारे’ म्हणताना निदान शेजारी कोण उभा आहे ते बघावं लागतं. पानसरे सकाळचं फिरून परत येत असताना गोळ्या झाडल्या गेल्या, म्हणून कोल्हापूरच्या लोकांनी ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू केला. पहाटे उठायचं आणि एकत्र चालायचं. जे करताना तो माणूस मारला गेला, तेच पुन्हा करायचं. ज्या प्रतिक्रियेला रोजच्या दिवसातली झोप द्यावी लागते, तिचं मोल आम्हांला छायाचित्राखालच्या फलकापेक्षा जास्त वाटतं.

आणि वर्ष संपता संपता, नोव्हेंबर २०१५मध्ये, ‘लोकमत’च्या पुरवणीत ‘आयसिस’ला पैसा कुठून मिळतो, या लेखासोबत पिगी बँकेचं चित्र आलं. लेख दहशतवाद्यांविरुद्ध होता. चित्रावरून गावोगावी निदर्शनं झाली, काही कार्यालयांवर हल्ले झाले, वृत्तपत्राने माफी मागितली. ‘मी लोकमत’ म्हणत कुणी रस्त्यावर आल्याचं निदान आम्हांला तरी आठवत नाही.

आता शार्लीकडे परत. जानेवारी २०१६मध्ये, म्हणजे वर्षभरातच, शार्लीने समुद्रकिनारी वाहून आलेल्या त्या लहानग्या सीरियन मुलावर, अलान कुर्दीवर, चित्र छापलं. जर्मनीत कलोनला नववर्षाच्या रात्री बायकांवर हल्ले झाले होते. चित्र विचारतं, हा मुलगा मोठा होऊन कोण झाला असता, आणि उत्तर देतं, बायकांच्या मागे लागणारा. चित्र रिसचं. ७ जानेवारीला खांद्यात गोळी लागून वाचलेला रिस, आता संपादक. जगभर संताप उसळला. वर्षभरापूर्वी ‘मी शार्ली’ म्हणणारेच आता, ‘आम्ही नाही बुवा’ म्हणायला लागले. चित्राचे बचावकर्ते म्हणाले, हे निर्वासितांवर नाही, मुलासाठी रडून चार महिन्यांत उलटलेल्या युरोपवर आहे. असेलही. आमच्यातल्या एकालाही ते चित्र पुन्हा बघवलं नाही.

पण तेव्हाची एक प्रतिक्रिया आम्हांला आदर्श वाटते. जॉर्डनच्या राणी रानिया यांनी ओसामा हज्जाज या जॉर्डेनियन व्यंगचित्रकाराचं चित्र प्रसिद्ध केलं. त्यात तोच मुलगा. आधी किनाऱ्यावर, मग दप्तर घेतलेला, मग डॉक्टर. बस. खटला नाही, बक्षीस नाही, ‘भावना दुखावल्या’चं निवेदन नाही. चित्राला चित्राने उत्तर. रिसच्या चित्रापेक्षा ते सपाट आहे, कला म्हणून डावंच म्हणावं लागेल. पण त्यांनी मूळ चित्र वाचलं होतं, आणि त्याच्याच भाषेत त्याला खोडून काढलं.

शेवटचं उदाहरण सांगायला जड जातं. सप्टेंबर २०२०मध्ये हत्याकांडाचा खटला पॅरिसमध्ये उभा राहिला आणि शार्लीने ती जुनी चित्रं पुन्हा छापली. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या एका गावात साम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तासाला शार्लीतली चित्रं वर्गात दाखवली. ज्यांना बघायची नसतील त्यांनी बाहेर जावं किंवा नजर वळवावी, अशी मोकळीक दिली होती. एका विद्यार्थिनीने घरी सांगितलं, की सरांनी मुसलमान मुलांना वर्गाबाहेर काढलं. ती त्या तासाला हजरच नव्हती. पुढे न्यायालयात ते शाबीत झालं. बापाने ते खरं मानून चित्रफिती फिरवल्या, शिक्षकाचं नाव दिलं. आठवडाभर लोक ते बघत राहिले, पुढे पाठवत राहिले. १६ ऑक्टोबरला अठरा वर्षांच्या एका तरुणाने शाळेबाहेर पातींचा गळा चिरला. तो त्या शाळेत कधी शिकला नव्हता.

इथे लोकांची प्रतिक्रिया खुनानंतर आलेली नाही, आधी आलेली आहे. न बघितलेल्या तासावरची, न वाचलेल्या चित्रावरची प्रतिक्रिया. त्या चित्रफिती पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, आमचा हिंसेला विरोध आहे, पण.

तर पडद्याबद्दल. या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही पाच चित्रं निवडली होती. तोबिरांचं, कुर्दीचं, हज्जाजचं उत्तर, वाचलेल्यांच्या अंकाचं मुखपृष्ठ, आणि २००६चं काब्यूचं मुखपृष्ठ, ज्यावरून मशिदीच्या संस्थांनी पत्राला कोर्टात खेचलं आणि २००७मध्ये पत्र निर्दोष सुटलं. सभागृहवाल्यांनी ‘वादग्रस्त काही नाही’ असं लिहून मागितलं. आम्ही एका वकील मित्राला विचारलं. त्याने जुनं २९५-अ आणि आता न्याय संहितेतलं २९९ समजावून सांगितलं. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावल्या तर गुन्हा. तो म्हणाला, हेतू शाबीत होणार नाही, तुम्ही सुटाल. पण सुटेपर्यंत किती वर्षं जातील, ते त्याने सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग बैठक झाली. एक जण म्हणाला, चित्रांशिवाय हे व्याख्यान म्हणजे ढोलकीशिवाय लावणी. दुसरी म्हणाली, सभागृहात असे लोक असतील ज्यांना खरोखरच बघायची नसतील, आणि इथे पातींच्या वर्गासारखं उठून बाहेर जाणंही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होईल. हे कारण चांगलं आहे, आणि जाहीर सांगायला तेच कारण द्यावं असंही ठरत आलं होतं. पण ते खरं कारण नाही. हज्जाजच्या चित्रात तर कुणाच्या भावना दुखावण्यासारखं काहीच नव्हतं, आम्ही तेसुद्धा काढून टाकलं. आम्ही घाबरलो. मतदान घेतलं, पाच विरुद्ध दोन.

वेळ झाली आहे. माइक फिरवा. प्रश्न घेऊ या, आणि ते दोघे इथेच पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनाही विचारायला हरकत नाही.